मोठी जनावरं, जुनी काडतुसं: एवढी मोठी केस कशासाठी?

दुनळी

.४१६ रिग्बी, म्हणजे रिग्बी या इंग्लिश बंदूककाराचं मोठ्या शिकारीचं रायफल काडतूस, हातात घेतलं की पहिला प्रश्न हाच पडतो, की एवढं पितळ कशाला? १९११ साली हे काडतूस आलं तेव्हा त्यातून ४१० ग्रेनची (७००० ग्रेन म्हणजे एक पौंड) गोळी सेकंदाला साधारण २३७० फूट वेगाने सुटायची. १९८८ मध्ये .४१६ रेमिंग्टन मॅग्नम आलं, त्यात ४०० ग्रेनची गोळी २४०० फुटांनी जाते. काम जवळपास एकच, पण रेमिंग्टनची केस, म्हणजे दारू भरायचं पितळी टरफल, कितीतरी सडपातळ. मग रिग्बीच्या लोकांना हिशेब येत नव्हता का?

येत होता, आणि फार चांगला येत होता. फरक चेंबरमधल्या, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेतल्या, दाबाचा आहे. रेमिंग्टनचं काडतूस चौरस इंचाला ६५ हजार पौंडांच्या घरातल्या दाबावर चालतं, रिग्बीचं ४७ हजारांच्या. दाब कमी ठेवून तोच वेग हवा असेल तर जास्त जागा लागते, म्हणून मोठी केस.

दाब कमी ठेवायचं कारण कॉर्डाइट. १८८९ मध्ये एबल आणि ड्यूअर यांनी तयार केलेली ही बंदुकीची बिनधुराची दारू. सुरुवातीच्या मिश्रणात ५८ टक्के नायट्रोग्लिसरीन, ३७ टक्के गनकॉटन आणि ५ टक्के व्हॅसलीन. जळताना प्रचंड तापते, नळी खाते, आणि सगळ्यात वाईट म्हणजे उन्हात तापलेल्या काडतुसात तिचा दाब वाढतो. इंग्लंडच्या थंडीत तपासलेलं काडतूस भारतात किंवा सुदानमध्ये कमरेच्या पट्ट्यात दुपारभर तापलं, की ते वेगळंच वागायचं. दाब वाढला की पितळ चेंबरच्या भिंतीला घट्ट बसतं. रायफलीचा बोल्ट (मागची सरकती कडी) उघडत नाही, किंवा दुनळीचे केस ओढून काढणारे एक्स्ट्रॅक्टर ती सोडवू शकत नाहीत. समोर जखमी हत्ती वीस-तीस पावलांवर असताना दुसरा बार भरता येत नसेल, तर पहिल्या गोळीची ताकद कागदावर किती होती याला काय अर्थ?

माझं म्हणणं असं आहे, की जुन्या काडतुसांविषयी बोलताना आपण गोळीचं वजन आणि वेग यांच्यातच अडकतो. ती ज्या गुणासाठी बनवली गेली, म्हणजे कितीही उन्हात रिकामी केस सहज निघावी आणि पुढचं काडतूस सहज चढावं, तो गुण कोणत्याच तक्त्यात नसतो. या अंगाने जुन्या काडतुसांकडे बघावं म्हणून हा धागा.

जुनेपान

विषय छान घेतलात. यात एक टप्पा आधीचा जोडतो, कारण कॉर्डाइटचं महत्त्व त्याशिवाय कळत नाही.

काळ्या दारूला वेगाची मर्यादा होती. कितीही भरा, जड गोळी दीड हजार फुटांच्या आसपासच अडायची. वेग वाढत नाही म्हटल्यावर ताकद वाढवायचा एकच रस्ता उरतो, तो म्हणजे गोळी मोठी करणे. म्हणून सॅम्युअल बेकर या एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लिश शिकाऱ्याच्या काळात ४ बोअरच्या बंदुका होत्या, ज्यांचा गोळा पाव पौंडाच्या आसपास भरायचा. शिसं मऊ पडतं म्हणून त्यात कथील किंवा पारा मिसळून कडक करायचे, कारण मऊ गोळा हत्तीच्या कवटीवर चपटा व्हायचा. शिवाय बार काढला की समोर पांढऱ्या धुराची भिंत. जनावर पडलं, पळालं की अंगावर येतंय हे धूर विरेपर्यंत कळायचं नाही. अनुभवी शिकारी म्हणूनच बार काढून लगेच बाजूला सरकायचे.

मग १८९८ मध्ये रिग्बीने .४५० नायट्रो एक्सप्रेस आणलं. ४८० ग्रेनची गोळी, २१५० फूट. नळीचा व्यास अर्ध्या इंचाहून कमी, तरी हत्तीच्या डोक्यातून आरपार. एका पिढीत ४ बोअर आणि ८ बोअर बाजूला पडल्या. केस मात्र काळ्या दारूच्याच जमान्यातली, सव्वातीन इंच लांब. तिथे दारूला जागा हवी होती म्हणून ती लांब झाली होती, आणि कॉर्डाइट आल्यावर तीच जागा दाब कमी ठेवायच्या कामी आली.

पितळी_केस

दुनळी यांच्या मुद्द्याला दुजोरा. फक्त दाबावर थांबू नका, केसचा आकारही बघा.

.३७५ हॉलंड अँड हॉलंड, १९१२ सालचं. केसच्या बुडापासून तोंडापर्यंत उतार ठळक आहे, आणि खांदा, म्हणजे तोंडाकडे केस जिथे अरुंद होते तो उतार, अवघा १५ अंशांचा. अशी निमुळती केस चेंबरमध्ये घसरत जाते आणि बाहेर काढताना किंचित हलली की लगेच सगळीकडून मोकळी होते. सरळसोट केस शेवटपर्यंत घासत येते. मॅगझिनमधून चेंबरकडे जातानाही तेच, निमुळतं टोक वाट चुकत नाही.

पण इतका तिरपा, नाजूक खांदा असला की केस चेंबरमध्ये नेमकी कुठे थांबायची याचा भरवसा राहत नाही. रिमवाल्या काडतुसात बुडाची बाहेर आलेली कड, रिम, अडते, रिमलेसमध्ये खांदा अडतो. इथे दोन्ही नाही. म्हणून बुडाशी तो पितळी पट्टा, बेल्ट. तो चेंबरच्या कडेला अडतो आणि काडतूस जागेवर बसतं.

पुढे काय झालं बघा. बेल्ट म्हणजे ताकद अशी समजूत पसरली. १९६२ चं ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नम, १९६३ चं .३०० विंचेस्टर मॅग्नम, दोघांनाही चांगला ठसठशीत खांदा आहे. त्यांना बेल्टची गरज नव्हती, पण बेल्ट नसेल तर मॅग्नम म्हणून कोण घेणार? गरजेतून आलेली वस्तू अशी शोभेची झाली. मला हे खटकतं, कारण त्यामुळे मूळ काडतूस किती विचाराने बनवलं होतं हेच विसरलं जातं.

रानवाट

तुम्हा दोघांचं वाचलं. पण बेलचं काय करायचं?

डब्ल्यू. डी. एम. बेल, ज्याला लोक करामोजो बेल म्हणतात. १०११ हत्ती, त्यातले बहुसंख्य ७×५७ माउझरने. रिग्बी त्यालाच .२७५ म्हणायचे. १७३ ग्रेनची गोळी, २३०० फूट. ऊर्जा फूट-पौंडांत बघितली तर २००० च्या आसपास, हत्तीसाठीच्या .४७० दुनळीच्या निम्म्याहूनही कमी. आणि ७×५७ ही काही कमी दाबाची, पोकळ केस नाही. १८९० च्या दशकातलं सैनिकी काडतूस आहे. म्हणजे मोठी केस, मोठा व्यास, हे सगळं नसतानाही काम झालंच ना?

दुनळी

रानवाट, प्रश्न योग्य आहे, आणि बेलकडे नीट बघितलं तर उत्तर त्याच्याकडेच सापडतं.

बेल मेंदूत गोळी घालायचा. हत्तीचा मेंदू कवटीच्या मानाने लहान, आणि भोवती मधमाश्यांच्या पोळ्यासारखं पोकळ्यांनी भरलेलं हाड. बाहेरून तो कुठे आहे हे कळत नाही. बेलने हत्तीची कवटी करवतीने कापून आतून बघितली होती, आणि कोणत्या कोनातून गोळी कुठे पोहोचेल हे पाठ केलं होतं. युगांडातल्या करामोजाचं मोकळं गवताळ रान, बंदुकीची फारशी ओळख नसलेले हत्ती, आणि असा हात जो जगात मोजक्यांचा असतो. यातलं एकही कमी असेल तर ७×५७ पुरत नाही.

पण एक गोष्ट बेल आणि बाकीच्यांत समान आहे, ती म्हणजे गोळीची लांबी. गोळीचं वजन पौंडांत घ्या आणि इंचांतल्या व्यासाच्या वर्गाने भागा, म्हणजे सेक्शनल डेन्सिटी मिळते. ७×५७ ची १७३ ग्रेनची गोळी .३०६. .३७५ ची ३०० ग्रेनची .३०५. ९.३ मिलिमीटरची २८६ ग्रेनची .३०५. .४७० ची ५०० ग्रेनची .३१८. .४१६ रिग्बीची .३३८. ६.५ मॅनलिखर-शोनाउअरची १६० ग्रेनची .३२८. व्यास बदलतो, ताकद अडीच-तीन पटीने बदलते, पण हा आकडा .३०० च्या वरच राहतो. त्या काळच्या लोकांनी वेगवेगळ्या वाटांनी हेच गाठलं, की लांब, पूर्ण कवच असलेली, न फुटणारी, मध्यम वेगाची गोळी खोल जाते आणि सरळ जाते.

मोठा व्यास तेव्हा उपयोगी पडतो जेव्हा मेंदू थोडक्यात हुकतो. .४७० च्या धक्क्याने हत्ती काही क्षण गडबडतो, तेवढ्यात दुसरा बार. .२७५ ने हुकलात तर हत्तीला फारसं कळतही नाही.

जुनेपान

गोळी न फुटण्याचा मुद्दा आला म्हणून जॉर्ज ग्रे यांची गोष्ट सांगायलाच हवी. ब्रिटनचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री सर एडवर्ड ग्रे यांचे हे भाऊ. १९११ मध्ये पूर्व आफ्रिकेत सिंहाच्या शिकारीत त्यांच्याकडे .२८० रॉस होती. सर चार्ल्स रॉस यांचं काडतूस, त्या काळात वेगाचं मोठं आकर्षण, ३००० फुटांच्या आसपास. गोळी हलकी, सेक्शनल डेन्सिटी .२५ च्या आसपास. सिंह अंगावर आला, ग्रे यांनी जवळून गोळ्या घातल्या, गोळ्या लागल्याही. पण त्या वेगाला ती गोळी वरच्यावरच फुटायची, आत पोहोचायची नाही. सिंह थांबला नाही. ग्रे काही दिवसांत जखमांनी गेले.

हरणावर हीच गोळी विजेसारखी काम करायची. मोठ्या, अंगावर येणाऱ्या जनावरावर ती चुकीची होती. ही घटना त्या काळच्या शिकाऱ्यांत फार गाजली आणि वेगाबद्दलचा आंधळा उत्साह बराच उतरला.

उत्तरवारा

मूस या उत्तरेकडच्या भल्यामोठ्या हरणाच्या प्रदेशातून लिहितो आहे, म्हणून एक भर.

स्वीडनमध्ये मूससारख्या मोठ्या जनावरासाठी कायद्याची अट अशी आहे: गोळी ९ ग्रॅमची असेल तर १०० मीटरवर किमान २७०० जूल ऊर्जा हवी. पण गोळी १० ग्रॅम किंवा त्याहून जड असेल तर २००० जूल पुरतात. म्हणजे जड गोळीला कायदाच सवलत देतो. दुनळी यांनी मांडलेला हिशेब कायद्यात उतरलेला मला दुसरीकडे इतका स्पष्ट दिसला नाही. आणि या सवलतीमुळेच १८९० च्या दशकातलं ६.५×५५ आजही मूसवर चालतं.

आमच्या गटात मात्र ९.३×६२ जास्त. ऑटो बॉक या बर्लिनच्या बंदूककाराने १९०५ मध्ये ते काढलं. हेतू सरळ होता. आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतींत शेतकऱ्यांना, अधिकाऱ्यांना इंग्लिश दुनळी परवडणार नव्हती, आणि साध्या माउझर ९८ च्या मापात बसेल असं जड काडतूस हवं होतं. २८६ ग्रेन, साडेतेवीसशे फुटांच्या आसपास. खास लांब मॅग्नम अॅक्शन (रायफलीची बोल्टची यंत्रणा) लागत नाही.

वापरताना जे जाणवतं ते सांगतो. थंडीत हातमोज्यांतून बोल्ट वर उचलला की तो चिकटत नाही. केस एका लयीत मागे येते, गवतात पडते, आणि पुढचं काडतूस चढल्याचा आवाजसुद्धा होत नाही इतकं सहज चढतं. मूस जागेवर पडतोच असं नाही. बहुतेक वेळा तो चाळीस-पन्नास पावलं चालतो, थांबतो, पाय फाकवून उभा राहतो आणि मग बसतो. पण गोळी दोन्ही बाजूंनी पार गेलेली असते, त्यामुळे बर्फावर माग ठळक असतो आणि कुत्र्याची गरजही क्वचितच लागते. मांसही फार नासत नाही, हे इथल्या लोकांना सगळ्यात महत्त्वाचं.

शंका_आहे

धागा माहितीपूर्ण आहे हे मान्य. पण हजार हत्ती मारणाऱ्याच्या कौशल्याचं असं वर्णन वाचताना त्रास होतो. आज या सगळ्याचं कौतुक कशाला?

दुनळी

शंका_आहे, तुमचा त्रास मला पटतो. बेलबद्दल मी अभिमानाने लिहिलेलं नाही. हस्तिदंताच्या व्यापाराने आफ्रिकेतले कळपच्या कळप संपवले, आणि बेल त्याचाच भाग होता. भारतात वाघाच्या शिकारीवर १९७० मध्ये बंदी आली, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा झाला, आणि ते व्हायलाच हवं होतं. केनियाने १९७७ मध्ये शिकार बंद केली.

तरी हे ज्ञान टाकून द्यावं असं मला वाटत नाही. जिथे शिकार कायद्याने चालते, आणि जिथे वनखात्याच्या माणसाला पिसाळलेल्या हत्तीसमोर उभं राहावं लागतं, तिथे अपुऱ्या काडतुसाने जनावर जखमी होऊन दिवसेंदिवस तडफडतं. पूर्व आफ्रिकेत धोकादायक जनावरांसाठी .३७५ ची किमान मर्यादा कायद्यात आली ती याच काळजीने.

पितळी_केस

या चर्चेत भारताचा सगळ्यात मोठा वाटा अजून कोणी सांगितलाच नाही: १९०७ ची बंदी.

सैन्याकडे .५७७/४५० मार्टिनी-हेन्री रायफली होत्या, आणि त्यातल्या कित्येक बंडखोरांच्या हाती गेल्या होत्या. .४५० बोअरच्या शिकारी काडतुसांतल्या गोळ्या त्यात वापरल्या जातील या धास्तीने सरकारने भारत आणि सुदानमध्ये .४५० बोअरच्या खाजगी रायफली आणि काडतुसं आणायला बंदी घातली. इंग्लिश बंदूककारांचं केवढं गिऱ्हाईक एका फटक्यात गेलं असतं याचा विचार करा. मग प्रत्येकाने .४५० च्या अगदी शेजारचा व्यास शोधला. जोसेफ लँगने .४७०, हॉलंडने .५००/४६५, जेफरीने .४७५ नंबर २, वेस्टली रिचर्ड्सने .४७६. जनावराला यातला फरक कधीच कळला नसता. ४८० ग्रेन २१५० फुटांनी की ५०० ग्रेन २१५० फुटांनी, एवढाच प्रश्न.

.४७० त्यात पुढे गेलं कारण लँगने ते बाकी सगळ्या बंदूककारांना खुलं केलं. हॉलंडने आपलं स्वतःपुरतं ठेवलं. आज आफ्रिकेत नवी दुनळी घेणारा बहुतेक वेळा .४७० घेतो, आणि तिचा जन्म भारतातल्या एका शस्त्रबंदीतून झाला.

.३०३ सुद्धा सैनिकी म्हणून सामान्य माणसाला बंद होती. त्या जागी ऑस्ट्रियाचं ८×५०आर मॅनलिखर आलं, आणि तेच आपल्याकडे .३१५ म्हणून राहिलं. भारतातल्या आयुध कारखान्यांची .३१५ स्पोर्टिंग रायफल वापरणाऱ्या किती जणांना माहीत असेल, की ते १८८८ च्या सुमाराच्या ऑस्ट्रियन सैन्याचं काडतूस चालवतायत? ज्या देशात ते जन्मलं तिथे ते कधीच मागे पडलं.

रानवाट

बेलबद्दलचं दुनळी यांचं उत्तर पटलं. कॉर्बेटलाही हाच हिशेब लावता येईल का? चंपावतची वाघीण १९०७ मध्ये मारल्यावर त्याला .२७५ रिग्बी भेट मिळाली होती, आणि रुद्रप्रयागचा बिबट्या १९२६ मध्ये त्याच रायफलीने मारला. पण वाघांसाठी त्याच्याकडे जेफरीची .४५०/४०० दुनळी होती. दोन्ही का बाळगायच्या?

जुनेपान

रानवाट, जनावर आणि जागा दोन्ही वेगळ्या होत्या. रुद्रप्रयागला आंब्याच्या झाडावर रात्र काढून, रायफलला जोडलेल्या टॉर्चच्या उजेडात क्षणभरात नेम धरायचा होता. बिबट्या काही फार जड जनावर नाही. तिथे हलकी, हाताला बसलेली, अचूक रायफलच हवी. नरभक्षक वाघामागे झाडोऱ्यात पायी फिरताना मात्र तो कुठल्या पावलावर समोर येईल याचा नेम नसतो. तिथे ४०० ग्रेनची गोळी आणि दुसरा बार लगेच तयार असलेली दुनळी. .४५०/४०० चा धक्का .४७० च्या मानाने बराच सोसवतो, वजनही बेताचं, म्हणून भारतात ती फार चालली. वाघाला .४७० ची गरज नव्हती, ती हत्ती-गव्याची.

पितळी_केस

दुनळीवर बोलतोच आहोत तर रेग्युलेशनचा, म्हणजे दोन्ही नळ्यांचा नेम एका जागी जुळवण्याचा, मुद्दा यायला हवा, कारण जुनी काडतुसं पुन्हा वापरात आणताना लोक इथेच फसतात.

दुनळीच्या दोन नळ्या समांतर नसतात. पुढे किंचित एकमेकींकडे झुकवलेल्या असतात. उजवा बार निघताना धक्क्याने रायफल वर आणि उजवीकडे सरकते, आणि गोळी नळीबाहेर पडेपर्यंत हे सरकणं चालूच असतं. तो हिशेब धरून नळ्या डाखलेल्या असतात. कारागीर बार काढून बघतो, तोंडाशी डाख वितळवून मधली पाचर हलवतो, पुन्हा डाखतो, पुन्हा बार काढतो. दोन्ही गोळ्या एका जागी यायला लागेपर्यंत हेच. हे सगळं एका ठरावीक गोळीसाठी आणि एका ठरावीक वेगासाठी. बऱ्याच जुन्या दुनळ्यांवर ते कोरलेलंही असतं, किती ग्रेन कॉर्डाइट आणि किती ग्रेनची गोळी.

आता वेग कमी पडला, तर गोळी नळीत जास्त वेळ राहते, नळी जास्त सरकते, आणि उजव्या नळीची गोळी उजवीकडे, डाव्या नळीची डावीकडे फाकते. वेग जास्त झाला तर दोघी एकमेकींना ओलांडतात. पन्नास यार्डांवर हे विती-विती फरकाचं होऊ शकतं. म्हणून जुन्या दुनळीला दाबाचा नाही, वेगाचा मूळ आकडा गाठावा लागतो.

मी एकदा किनॉक या इंग्लिश कारखान्याचं जुनं .४७० काडतूस उघडलेलं जवळून पाहिलं आहे. गोळी काढल्यावर वर एक जाड वॉड (दारूवरची चकती), आणि त्याखाली केसभर उभी लावलेली शेवयांसारखी तपकिरी काड्यांची जुडी. आजची दाणेदार दारू त्याच केसमध्ये कमी जागा व्यापते, रिकाम्या जागेत दारू आडवी पसरते आणि पेट असमान होतो. म्हणून भरणारे लोक वर फोम किंवा कापोक (कापसासारखा तंतू) घालतात. आणि ज्यांना खरोखरच जुनी काडतुसं उडवायला मिळाली त्यांच्यासाठी एक सांगणं: त्यांचे प्रायमर (दारू पेटवणाऱ्या टोप्या) नळीला गंज आणतात. नुसत्या तेलाने भागत नाही. त्याच दिवशी नळीतून उकळतं पाणी ओतून क्षार धुवायचे, कोरडं करायचं, मग तेल. उद्यावर टाकलं तर नळी गेली.

उत्तरवारा

.४५८ विंचेस्टरचं उदाहरण दुनळी यांच्या मूळ मुद्द्याला सगळ्यात चपखल बसतं, त्यांनीच ते कसं घेतलं नाही याचं आश्चर्य वाटतं.

दुनळी

घेणारच होतो, तुम्ही आठवण केलीत ते बरं झालं.

१९५६ ला विंचेस्टरने .४५८ विंचेस्टर मॅग्नम काढलं. वचन असं, की .४५० नायट्रो एक्सप्रेसची ताकद, पण साध्या लांबीच्या बोल्ट रायफलीत. केस फक्त अडीच इंच. त्या वेळी इंग्लंडमध्ये किनॉक मोठ्या काडतुसांचं उत्पादन आवरतं घेत होतं, आणि पुढे तर ते थांबलंच. दुनळ्या होत्या पण काडतुसं नव्हती. त्यामुळे आफ्रिकेतले व्यावसायिक शिकारी आणि वनखाती एका दमात .४५८ कडे वळली.

अडचण जागेची होती. तेवढी दारू त्या लहान केसमध्ये मावण्यासाठी दाबून भरावी लागायची. दाबलेली दारू काही काळाने गठ्ठा व्हायची, नीट पेटायची नाही. जाहिरातीतला वेग लहान नळीच्या रायफलीत कधी मिळायचा नाही, आणि कधी गोळी इतकी मंद जायची की रानरेड्याच्या खांद्यातच राहायची. ज्यांनी उन्हातान्हात वर्षानुवर्षं .४७० वापरली होती त्यांना हे नवीन होतं.

जॅक लॉट नावाच्या अमेरिकन शिकाऱ्याला १९५९ मध्ये मोझांबिकमध्ये रानरेड्याने जखमी केलं, आणि त्यातून त्याने पुढे .४५८ लॉट बनवलं, १९७१ मध्ये. त्याने केलं काय? .३७५ हॉलंडची केस जवळपास पूर्ण लांबीची ठेवली, २.८ इंच. ५०० ग्रेन २३०० फुटांनी, दारू न कोंबता. जी लांबी अनावश्यक म्हणून कापली होती तीच परत आणावी लागली. विंचेस्टरच्या दारूचा दोष पुढे बराच सुधारला हे न्याय म्हणून सांगतो. पण वनखात्यातल्या ज्या माणसांनी त्या मधल्या वर्षांत तीच काडतुसं घेऊन जखमी जनावरांमागे झाडोऱ्यात पावलं टाकली, त्यांच्याविषयी मला मनापासून वाईट वाटतं.

.४१६ रिग्बीलाही असंच दुसरं आयुष्य मिळालं. आफ्रिकेतला व्यावसायिक शिकारी हॅरी सेल्बी याची .४७० दुनळी गाडीखाली सापडली, आणि त्याने हाताशी मिळाली ती .४१६ घेतली. पुढे कित्येक वर्षं तीच वापरली आणि तिचं नाव झालं. नंतर फिनलंडमध्ये .३३८ लापुआ मॅग्नम बनवताना आधार म्हणून .४१६ रिग्बीची केस घेतली. फक्त जास्त दाब सोसावा म्हणून बुडाकडचं पितळ जाड करावं लागलं. .४०४ जेफरीच्या केसवरून रेमिंग्टनची अल्ट्रा मॅग्नम घराणी निघाली. शंभर वर्षांपूर्वीच्या प्रशस्त केस अजूनही कामाला येतात, पण आता लोक त्या प्रशस्तपणाचा उपयोग दाब वाढवण्यासाठी करतात.

रानवाट

आफ्रिकेतला शिकारी आणि लेखक जॉन टेलर याचा नॉकआउट आकडा, म्हणजे गोळीचा धक्का मोजायचं सूत्र, यात कुठे बसतो? गोळीचं वजन गुणिले वेग गुणिले व्यास, भागिले ७०००. त्यात ७×५७ ला १६ येतात, .३७५ ला ४१, .४७० ला ७३.

दुनळी

मेंदू हुकल्यावर हत्ती किती गडबडेल याची तुलना करायला तो आकडा बरा. टेलरने तो हत्तीच्या डोक्यावरच्या कवचबंद गोळ्यांसाठीच मांडला होता. मूस किंवा हरणावर लावला की निरर्थक उत्तरं येतात. लोक तो सरसकट लावतात, तिथे मला पटत नाही.

शंका_आहे

पहिल्या प्रतिसादानंतर वाचत गेलो. १९०७ ची बंदी आणि .३१५ हे मला अगदीच नवीन होतं. एक विचारतो. घरात वारशाने आलेली, परवान्यावर नोंदलेली जुनी इंग्लिश दुनळी आहे. ती चालवायची नाही, पण काय आहे ते कळावं अशी इच्छा आहे. नळ्यांच्या वर फक्त बंदूककाराचं नाव आहे आणि खाली खुणा झिजल्यात. .४०० असं काहीतरी वाचता येतं.

पितळी_केस

शंका_आहे, ती जाणकार बंदूककाराला दाखवल्याशिवाय कुठलंही काडतूस त्यात घालू नका, बघायला म्हणूनसुद्धा नाही.

नळ्या उतरवल्या की खालच्या सपाट भागावर, चेंबरच्या खाली, प्रूफच्या, म्हणजे नळीची दाबचाचणी झाल्याच्या, खुणा असतात. भिंग आणि बाजूने पडणारा उजेड घेऊन बघा. एनपी अक्षरं दिसली तर नायट्रोसाठी, म्हणजे बिनधुराच्या दारूसाठी, तपासलेली आहे. ते नसेल तर काळ्या दारूची असण्याची शक्यता मोठी, आणि तिच्यात कॉर्डाइटचं काडतूस घालणं म्हणजे नळी फुटण्याला आमंत्रण. दारूचं आणि गोळीचं वजन कोरलेलं असेल तर तेही उतरवून घ्या.

.४०० नुसतं वाचून काही ठरत नाही. .४५०/४०० च्याच तीन लांबीच्या केस होत्या, २⅜, ३ आणि ३¼ इंच, आणि त्या एकमेकींच्या जागी चालत नाहीत. बंदूककाराकडून चेंबरचा साचा काढून घ्या. रिमची जाडी, बुडाचा व्यास, खांद्यापर्यंतची लांबी आणि एकूण लांबी एवढी चार मापं इथे टाका. रिमची जाडी विसरू नका, जेफरीचं तीन इंची आणि सव्वातीन इंची ओळखताना तीही लागते.